थोरल्याचे छायाचित्र, धाकट्याचा ताम्रपट
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एका गावी २०१२ साली एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने आपले वडिलोपार्जित धाब्याचे घर उतरवायला काढले. माजघरातील उतरंडीच्या मागे एक पत्र्याची ट्रंक निघाली. तीत आजीची दोन जुनी लुगडी, जमिनीचे आणि कोर्टाचे काही कागद, दोऱ्याने बांधलेली मनीऑर्डरच्या कुपनांची चळत आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले, चौकटीसह एक छायाचित्र होते. छायाचित्रात लोकरी लष्करी पोशाखातले तीन तरुण आहेत. एक खुर्चीवर बसलेला, दोघे बाजूला उभे. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. त्यावर संगमरवरी खांब आणि एक सरोवर. चौकट सोडवल्यावर पाठीमागे इटालियन भाषेतला छायाचित्रकाराचा शिक्का दिसला. खाली शिसपेन्सिलीने १९४४ हे साल आणि तिघांची नावे गावांसह देवनागरीत लिहिलेली होती. तिसरे नाव त्या शिक्षकाच्या वडिलांचे होते.

वडील १९९४ साली वारले. ते कधी काळी पलटणीत होते एवढे मुलाला ठाऊक होते. गावातली म्हातारी माणसे त्यांना ‘फौजी’ म्हणत. पण कोठे होते, किती वर्षे होते, काय पाहिले, याविषयी त्यांनी चाळीस वर्षांत घरात अक्षर काढले नाही आणि मुलानेही कधी विचारले नाही. न विचारण्याचे कारण घरातच टांगलेले होते. सोप्यातल्या भिंतीवर चुलत्यांचे छायाचित्र होते आणि त्याच्या शेजारी १९७२ साली मिळालेला ताम्रपट. वडिलांचे हे धाकटे बंधू बेचाळीसच्या चळवळीतले, प्रतिसरकारच्या काळात चार वर्षे भूमिगत राहिलेले. दर पंधरा ऑगस्टला शाळेची प्रभातफेरी त्या दारात थांबे आणि मुले त्यांच्या पाया पडत. ज्या घरात असा एक पुरुष आहे, तेथे त्याच वर्षांत इंग्रजांचा गणवेश घालून इटलीत लढत असलेल्या दुसऱ्या पुरुषाची चौकशी कोण करणार?

हे घर अपवाद नव्हे, म्हणूनच त्याची हकीकत येथे मांडायची आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि नऊ जणांना हौतात्म्य आले. त्यानंतरच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात जे समांतर राज्य उभे केले, त्याचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. परंतु ज्या जिल्ह्याने प्रतिसरकार दिले, तोच जिल्हा मुंबई इलाख्यातील सैन्यभरतीचा एक मोठा पुरवठादार होता, हे आपण सांगत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. खटाव-माणच्या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवरही एकाच आळीत भूमिगतांना भाकरी पोहोचवणारी माणसे होती आणि बेळगावच्या भरतीहून आलेले पोस्टकार्ड वाचून घेणारी माणसेही होती. कित्येकदा ती एकाच चुलीवरची होती.

१९३९ साली सुमारे २ लाख असलेले हिंदी लष्कर १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेले. सक्तीच्या भरतीशिवाय उभे राहिलेले जगातले ते सर्वांत मोठे सैन्य मानले जाते. त्यातले ८७ हजारांहून अधिक लोक परत आले नाहीत. इटलीच्या मोहिमेत हिंदी लष्कराच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन लढल्या. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाला उतरली आणि नद्यामागून नद्या ओलांडत उत्तरेला सरकली. तीतच मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात पडले आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर आपल्या जखमी सोबत्यांना वाचवत लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेगुफोनीच्या गढीत उफीत्झी संग्रहालयातली जगप्रसिद्ध चित्रे लपवून ठेवलेली सापडली, तेव्हा त्यांवर पहारा बसला तो याच आठव्या डिव्हिजनच्या जवानांचा. बोत्तिचेल्लीच्या चित्राची राखण ज्यांनी केली, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी स्वतःच्या आईबापांचे एक चित्रही नसेल.

पण रणकथा हा आजचा विषय नाही. प्रश्न आहे तो माणूस पलटणीत गेला का, हा. याचे उत्तर राजनिष्ठेत शोधणे हा इंग्रज अधिकाऱ्यांचा भ्रम होता आणि देशद्रोहात शोधणे हा आपला. उत्तर ट्रंकेतल्या कागदांत आहे.

या घराची जमीन कोरडवाहू होती. पाऊस सह्याद्रीवर पडून संपतो आणि खटाव-माणपर्यंत ढग तेवढे येतात. पिकली तर बाजरी, पिकली तर ज्वारी. बाप १९४० साली वारला तेव्हा थोरला वीस वर्षांचा आणि धाकटा पंधराचा होता. जमीन सावकाराकडे गहाण होती. अशा घरातल्या थोरल्या मुलापुढे त्या काळी दोनच वाटा होत्या, मुंबईची गिरणी किंवा पलटण. गिरणीत चिकटायला ओळख लागे, राहायला खोली लागे आणि पहिले काही महिने स्वतःचेच पोट जाळावे लागे. पलटणीत पहिल्या दिवसापासून जेवण, कपडे आणि बूट मिळत. सुरुवातीचा पगार होता महिना १६ ते १८ रुपये. गोऱ्या शिपायाच्या पगाराशी त्याची तुलना नव्हती, पण खटावच्या शेतमजुराच्या मिळकतीच्या दृष्टीने ती रोख आणि नियमित रक्कम होती आणि तिच्यातला वाटा थेट घरी पाठवण्याची सोय होती. १९४१ साली थोरला भरती झाला. त्याच्या मनीऑर्डरींची कुपने आईने एकावर एक रचून ठेवली. तिला वाचता येत नव्हते. प्रत्येक कुपन म्हणजे मुलगा त्या महिन्यापर्यंत जिवंत असल्याचा दाखला होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकार आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात असा करार झाला की, देशाबाहेर लढणाऱ्या हिंदी सैन्याचा बहुतेक खर्च ब्रिटनने सोसावा. कागदावर हा करार हिंदुस्थानच्या फायद्याचा दिसतो. प्रत्यक्षात ब्रिटनने पैसे दिले नाहीत. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर स्टर्लिंग जमा मांडले आणि त्या नोंदीच्या आधारावर येथे रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या. युद्धकाळात चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. धान्य, कापड, रॉकेल लष्कराकडे वळले आणि घाऊक किमती दुपटीच्या वर गेल्या. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानला सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता, आणि तो हिशेब पुढे कित्येक वर्षे वाटाघाटींत घोळत राहिला. याचा अर्थ खटावच्या त्या माउलीपुरता काय होता? मुलगा इटलीत जी मजुरी मिळवत होता ती ब्रिटनच्या खात्यावर होती. पण ती मजुरी चुकती करण्यासाठी जी नोट छापली गेली, त्याच नोटेने तिच्या पोत्यातली ज्वारी महाग केली. पोस्टमन जे हातावर ठेवी, त्यातले निम्मे बाजारात पोचण्यापूर्वीच नाहीसे झालेले असे. ज्यांना नियमित मनीऑर्डर येत होती त्यांची ही अवस्था. ज्यांना ती येत नव्हती त्यांचे बंगालमध्ये १९४३ साली काय झाले ते सर्वश्रुत आहे. तेथे सुमारे ३० लाख माणसे मेली.

मध्यपूर्वेत आणि इटलीत असलेल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचे गोषवारे लष्करी सेन्सॉर अधिकारी दर पंधरवड्यास करीत. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अभ्यासकांना पाहता येतात. त्यांतली एक चिंता पुन्हा पुन्हा डोके वर काढते, ती घरच्या महागाईची. पाठवलेल्या पैशांत घरचे भागत नाही, धान्य मिळत नाही, माणसे काय खात असतील, ही विवंचना शिपायांच्या पत्रांत इतकी होती की, तिचा लढण्याच्या उमेदीवर परिणाम होईल अशी भीती वरिष्ठांना वाटू लागली. साम्राज्याच्या हिशेबात भूक ही शिस्तीची बाब म्हणून दाखल झाली.

आता कोर्टाच्या कागदांकडे वळू. १९४३ साली सावकाराने गहाणाच्या येण्यासाठी दावा लावला. घराचा कर्ता म्हणून थोरल्याचे नाव प्रतिवादी होते, आणि तो परदेशी रणांगणावर होता. १९२५ सालापासून एक कायदा अस्तित्वात होता, सैनिकांच्या दाव्यांसंबंधीचा. त्यानुसार युद्धसेवेत असलेल्या हिंदी शिपायाविरुद्धचा दिवाणी दावा, त्याच्या वरिष्ठांचा दाखला आला की, तहकूब ठेवणे न्यायालयास बंधनकारक होते. कायदा शिपायाच्या प्रेमाने केलेला नव्हता. घरची जमीन लिलावात गेली तर भरती आटेल, हा त्यामागचा रोकडा विचार होता. पण परिणाम असा झाला की, दावा थांबला आणि जमीन राहिली. थोरला इटलीत नसता तर धाकटा भूमिगत असतानाच ती गेली असती, आणि १९४६ साली परतलेल्या स्वातंत्र्यसैनिकाला परतायला घर राहिले नसते. दावा पुढे आपसात मिटला.

छायाचित्राची खरी हकीकत मात्र कागदांत नव्हती. ती चुलतीला ठाऊक होती. चुलती त्या घरात १९४७ साली सून म्हणून आली. तिने सासूच्या तोंडून ऐकलेले पुतण्याला सांगितले तेव्हा तिचे वय ऐंशी होते. फोटो टपालाने १९४५ च्या सुरुवातीस आला. आजीने तो साताऱ्याहून चौकटीत बसवून आणला आणि सोप्यात दर्शनी खिळ्यावर टांगला. त्या दिवसांत धाकट्याच्या शोधात पोलीस वारंवार येत. “फौजदार आला की सासूबाई त्या फोटोखाली जाऊन बसायच्या,” चुलती म्हणाली. “तोंडानं काय बोलायच्या न्हाईत. नुसतं बसायचं.” सरकारच्या बाजूने लढणाऱ्या शिपायाच्या आईला ढकलून कणगी उचकटणे कोणत्याही फौजदाराला जड जाणार. सावकाराचा दिवाणजी आला तरी तीच जागा, तेच बसणे. एका मुलाच्या गणवेशाची ढाल करून ती माउली दुसऱ्या मुलाला आणि जमिनीला सांभाळत होती. साम्राज्यशाहीविरुद्धच्या लढ्यात हे कोणत्या सदरात नोंदवायचे, हे आपल्या इतिहासकारांनी अद्याप ठरवलेले नाही.

१९४६ साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले, भूमिगतांवरची वॉरंटे मागे घेण्यात आली आणि धाकटा उजळ माथ्याने गावात आला. सत्कार ठरला. तालुक्याची पुढारी मंडळी घरी चहाला येणार होती. त्या दिवशी सकाळी आजीने फोटो खाली उतरवला. तिला कोणी सांगितले नव्हते. धाकट्याने तर नक्कीच नाही. तो त्या वेळी घरात नव्हता. “पाव्हनी काय म्हनतील, असं वाटलं त्यास्नी,” एवढेच चुलतीने सांगितले. रिकाम्या खिळ्यावर दुसऱ्या दिवशी सुभाषबाबूंचे छापील चित्र लागले, लष्करी गणवेशातले. त्या वर्षी ते हजारो घरांत लागले होते.

थोरला डिसेंबरात सुटून आला. २५ लाखांची फौज उतरवली जात होती. युद्धापुरत्या भरती झालेल्या बहुसंख्यांना निवृत्तिवेतन नव्हतेच. तो सोप्यात आला, ट्रंक खाली ठेवली आणि भिंतीकडे पाहिले. आपण पाठवलेला फोटो कोठे आहे, हे त्याने आईला विचारले नाही. आईनेही सांगितले नाही. पुढची अठ्ठेचाळीस वर्षे तो त्या घरात राहिला आणि तो प्रश्न विचारला गेला नाही. फोटो गुंडाळून ठेवला होता तो त्याच्याच लष्करी ट्रंकेत. म्हणजे तो कोठे आहे हे त्याला केव्हातरी कळले असणारच.

येथे आपल्या चळवळीने थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे. समाजवाद्यांनी या युद्धाला पहिल्या दिवसापासून विरोध केला. ‘ना एक पै, ना एक भाई’ ही घोषणा देऊन ते तुरुंगात गेले. हिंदुस्थानला न विचारता हिंदुस्थानला युद्धात लोटले होते, तेव्हा तो विरोध योग्यच होता आणि आजही त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु घोषणेतला ‘भाई’ जेव्हा प्रत्यक्षात भरतीच्या रांगेत उभा राहिला तेव्हा आपण त्याला एक शब्द चिकटवला, ‘भाडोत्री’. जो समाजवादी गिरणीत श्रमशक्ती विकणाऱ्याला शोषित म्हणतो, त्याने पलटणीत तीच श्रमशक्ती, आणि वर जीवही, विकणाऱ्याला भाडोत्री म्हणावे, यात तर्काची काही फारकत होत आहे एवढे तरी आपल्या ध्यानात यायला हवे होते. गिरणी कामगाराच्या घामाचे कापड इंग्रजी लष्कराने अंगावर घातले, म्हणून कोणी त्या कामगाराला साम्राज्याचा हस्तक म्हटले नाही.

याच्या उलट टोकाला जाऊन या शिपायांना फॅसिझमविरोधी क्रांतिवीर ठरवण्याचीही गरज नाही. इटलीत मुसोलिनी आणि हिटलर यांच्या फौजांविरुद्ध लढताना ते इतिहासाच्या उजव्या बाजूला होते हे खरे. पण ऑक्टोबर १९४५ मध्ये जावा बेटावरच्या सुराबाया शहरात जी ४९वी हिंदी ब्रिगेड उतरवण्यात आली, तीतही मराठा पलटणी होत्या. समोर फॅसिस्ट नव्हते. डचांची सत्ता परत येऊ नये म्हणून शस्त्र हाती घेतलेले इंडोनेशियन तरुण होते. त्या शहरातल्या लढाईच्या स्मरणार्थ इंडोनेशिया आजही १० नोव्हेंबर हा दिवस वीरांचा म्हणून पाळतो. तोच जिल्हा, तोच पगार, तेच बूट. इटलीत उतरला तो मुक्तिदाता आणि जाव्यात उतरला तो दडपणारा. आणि मलायात पाठवला गेला असता तर सिंगापूर पडल्यावर कदाचित आझाद हिंद सेनेत जाऊन सोप्यातल्या मानाच्या खिळ्यावर चढला असता. जहाज कोठे जाणार हे त्याला विचारले जात नव्हते. गोदीत चढताना सांगितलेही जात नव्हते. ज्याच्या हाती निवड नव्हती त्याच्यावर निवडीचे श्रेय वा दोष किती लादायचा?

याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्या वेळच्या महारवाड्यात, असेच एक छायाचित्र होते, आणि ते भिंतीवरून एक दिवसही उतरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लढाऊ जातींच्या थोतांडी सिद्धान्ताखाली इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजी सकपाळांसारख्या माणसांनी ज्या लष्करात अक्षरे आणि प्रतिष्ठा मिळवली होती, त्याचे दार पुढच्या पिढीला मिटले. पहिल्या महायुद्धात गरजेपोटी १११वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. ते दार उघडावे म्हणून अर्ज-विनंत्या होत राहिल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ज्याला गावात चांगले कपडे घालून चावडीपुढून जाता येत नव्हते, त्याच्या दृष्टीने बूट-पट्ट्यातला तो फोटो हे केवळ सोळा रुपयांचे प्रकरण नव्हते. मराठ्याच्या सोप्यात लाजेचा ठरलेला गणवेश महारवाड्यात मानाचा राहिला, आणि सत्काराला आलेल्या पुढाऱ्यांपैकी कोणीही चहाला त्या टोकाला गेला नव्हता.

पुन्हा त्या घराकडे येऊ, कारण हिशेब अजून पुरा झालेला नाही. १९७२ साल उजाडले. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव म्हणून त्या वर्षी ताम्रपट वाटले गेले आणि स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना आली. महाराष्ट्रातला तो भीषण दुष्काळही याच वर्षीचा. खटाव-माणमध्ये विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली, आणि लाखो माणसे सरकारी कामांवर खडी फोडायला गेली. बावन्न वर्षांचा थोरला गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. त्याच हंगामात धाकटा ताम्रपट घेऊन आला. वाचणाऱ्याला येथे अन्यायाची कथा सुरू होते असे वाटेल. तशी ती होत नाही. घर एकत्र होते. धाकट्याचे निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा त्याने पहिली रक्कम थोरल्याच्या हातात दिली, आणि पुढे दोन्ही भावांच्या मुलांची शिक्षणे त्यावर झाली. शिक्षक झालेला हा मुलगाही त्याच पैशांवर डी. एड. झाला. १९४३ ते ४६ या काळात थोरल्याच्या मनीऑर्डरीने धाकट्याचे घर राखले; १९७२ नंतर धाकट्याच्या निवृत्तिवेतनाने थोरल्याची मुले शिकवली. दोघांनी हा जमाखर्च कधी तोंडाने मांडला नाही. राज्य सरकारने पुढे दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान सुरू केले. थोरल्याने त्यासाठी अर्ज केला नाही. सुटकेचे पुस्तक दाखवावे लागले असते आणि ते ट्रंकेत होते.

साताऱ्यात, रत्नागिरीत, रायगडात, कोल्हापुरात अशा ट्रंका अजून आहेत. त्या युद्धात गेलेली पिढी आज जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मुलांचीही वये सत्तरीच्या पुढे आहेत. कार्यकर्ते दुष्काळाच्या, पाणीवाटपाच्या, सभासद नोंदणीच्या कामासाठी घरोघर जातात. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी ज्या आस्थेने टिपल्या गेल्या, त्याच आस्थेने या घरांत एक प्रश्न विचारता येईल, की फोटो आहे का? असला तर मागची बाजू पाहावी. नावे, गावे, साल उतरून घ्यावे. मनीऑर्डरची कुपने, सुटकेची पुस्तके, कोर्टाचे दाखले रद्दीत जाऊ देऊ नयेत. ग्रामीण कर्जबाजारीपणाच्या इतिहासाला त्यांच्याइतकी खरी साधने सरकारी अहवालांतही सापडायची नाहीत. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारावे, कारण खिळ्यावर काय टांगायचे आणि काय उतरवायचे हे बहुधा तिनेच ठरवलेले असते.

त्या शिक्षकाने काय केले तेही सांगितले पाहिजे. छायाचित्रातल्या इतर दोघांच्या गावांतील शाळांच्या मुख्याध्यापकांना त्याने पत्रे घातली. एका गावाहून उत्तर आले नाही. दुसरे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातले. तेथल्या मुख्याध्यापकांनी लिहिले की, गावात त्या आडनावाचे एक घर आहे आणि त्या घरात हाच फोटो देवघराशेजारी लावलेला आहे. खुर्चीवर बसलेला तरुण त्या घरचा. तो एप्रिल १९४५ मध्ये इटलीत पडला. लग्न व्हायचे होते.

२०१३ च्या मे महिन्यात शिक्षक तेथे गेला. पडलेल्या जवानाचा पुतण्या सत्तरीचा होता. त्यांच्या प्रतीच्या मागे काहीच लिहिलेले नव्हते, त्यामुळे काकांच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले ते दोघे कोण, हे त्या घरात अडुसष्ट वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. दसरा-दिवाळीला काकांच्या बरोबर त्या दोघांनाही हळदकुंकू लागत आले होते. पुतण्याने फोटो खाली उतरवला, मागचा पुठ्ठा काढला आणि शिक्षकाकडून विचारून दोन्ही नावे, गावांसह, बॉलपेनने लिहून घेतली.